कडेचं प्यादं

१

स्पर्धेच्या पहिल्या सकाळी ताई सगळी घड्याळं एकेक करून कानाला लावायची. हल्लीची घड्याळं आकड्यांची, ती टिकटिकत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्पर्धा सुरू झाली तेव्हा टिकटिकणारी होती, आणि तेव्हा लागलेली सवय सुटायचं काही कारण घडलं नव्हतं. बाकीचे पंच गालातल्या गालात हसायचे. ताई हसू द्यायची.

तळ्याकाठच्या त्या बंगल्यात दरवर्षी जगातले मोजके खेळाडू जमायचे. बोलावणं आल्याशिवाय तिथे कुणी येत नसे, आणि बोलावणं आलं की कुणी नाही म्हणत नसे. सकाळी पुढच्या दिवाणखान्यात जलद डाव, समोर पट आणि मोहरे घेऊन. दुपारी त्याच जोड्या मागच्या खोलीत आंधळा डाव खेळायच्या. पूर्वी डोळ्यांवर खरोखर काळी पट्टी बांधत. एकाने ती आधी धुऊन आणा म्हणून तासभर अडवून धरलं होतं, तर दुसरा पट्टीआड चक्क घोरला आणि जागा होऊन जिंकला. पुढे पट्ट्या गेल्या, पडदे आले. पडद्यावर नुसता रिकामा पट, मोहरा एकही नाही. कोण कुठे उभं आहे ते खेळाडूने डोक्यात ठेवायचं.

ताई पहिल्या वर्षापासून मुख्य पंच होती. तिचा धाकटा भाऊ गेली बरीच वर्षं तिथे खेळत होता, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ताई सगळ्यांत कडक वागायची ती त्याच्याशीच. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. बुद्धिबळही तिनेच शिकवलं. सहा वर्षांचा असताना तो शाळेच्या वाटेवर तिचं बोट धरून, डोळे मिटून, तिच्याशी अख्खा डाव खेळायचा. ताईला मात्र हे कधी जमलं नाही. डोळे मिटले की तिला फक्त काळोख दिसायचा. गुरूपेक्षा चेला सवाई निघाला म्हणून ती गावभर मिरवायची, आणि एकटी असताना डोळे मिटून, त्याला काय दिसत असेल, याचा विचार करायची.

जाणत्यांनी सांगितलं होतं की यंदा धाकट्याचं शेवटचं बोलावणं. वय झालं होतं, नवी पोरं वेगात होती. इतक्या वर्षांत तो एकदाही जिंकला नव्हता. यंदा जिंकला नाही, तर मग कधीच नाही.

२

पहिल्याच दुपारी धाकटा मरता मरता वाचला.

काळे मोहरे असलेल्या खेळाडूचा हत्ती उजव्या कडेच्या उभ्या रांगेत उभा होता. ती रांग वरपासून खालपर्यंत मोकळी. हत्तीने सरळ शेवटच्या घरात जायचं, की धाकट्याच्या राजावर मात. पलीकडच्या दालनात मोठ्या पडद्यावर डाव बघणारे प्रेक्षक खुर्च्यांच्या कडेवर आले. आणि त्या गृहस्थाने हत्ती नेला तो दोन घरं अलीकडेच थांबवला. दालनात हलकल्लोळ झाला. डाव बरोबरीत सुटला.

चहाच्या टेबलावर ताईने त्याला विचारलं, "शेवटपर्यंत का नाही गेलात हो?"

"कसा जाणार? वाटेत माझंच प्यादं होतं ना."

"कुठे?"

"शेवटून दुसऱ्या घरात. कडेचं प्यादं."

"ते तर केव्हाच मारलं गेलं होतं."

गृहस्थाने कप खाली ठेवला. मग कपाळावर हात मारून हसला. "अरे देवा! डोक्यातून काढायलाच विसरलो."

हे व्हायचंच. आंधळ्या डावात मेलेले मोहरे डोक्यात रेंगाळतात. ताईने असे किस्से पोत्याने पाहिले होते. ती हसली, आणि शेजारी पाव खात बसलेल्या भावाकडे वळून म्हणाली, "नशीब तुझं. त्यांना नसलेलं प्यादं दिसलं."

धाकट्याने घास तसाच तोंडात धरला. "नसलेलं?" तो म्हणाला. "अगं, होतं की तिथे. नसतं तर मी ती रांग मोकळी सोडली असती का?"

एकाचा घोळ समजण्यासारखा होता. पण दोघांचा एकच घोळ, एकाच घरात, एकाच रंगाचं प्यादं? ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती हाकलली आणि चहात साखर घातली. ती चहात साखर घेत नसे.

३

बंगल्याच्या मालकीणबाईंनी यंदा ताईच्या गळ्यात आणखी एक काम घातलं होतं. स्पर्धेचा इतिहास पाहुण्यांना दिसावा म्हणून लांबच्या लांब व्हरांड्यात टेबलं मांडली होती, दर वर्षाचं एक. प्रत्येकावर एक पट ठेवायचा आणि त्या वर्षीच्या सगळ्यांत गाजलेल्या आंधळ्या डावाची अखेरची स्थिती मोहरे लावून मांडायची. कुठला डाव घ्यायचा ते ताईनेच ठरवायचं. तिच्याइतके डाव पाहिलेलं दुसरं होतं कोण?

व्हरांड्याच्या टोकाला मालकीणबाईंच्या वडिलांचं चित्र होतं. थोरले मालक घड्याळांचे व्यापारी. स्पर्धा त्यांनीच सुरू केली. डाव्या मनगटावर ते दोन घड्याळं बांधायचे. एक वेळ सांगायला आणि दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला, असं स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. बुद्धिबळाचं वेड अफाट, आणि खेळ अगदी सुमार. दरवर्षी एकेका मोठ्या खेळाडूला गाठून म्हणायचे, "एकदा तरी बसा की माझ्याशी." सगळे गोड बोलून सटकायचे. शेवटी ते ताईकडे यायचे. "तुम्ही तरी बसा."

"पंच खेळत नाहीत, मालक," ताई म्हणायची. नियम असा काही नव्हता. पण म्हणायला बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पट मांडायला घेतले. मालकीणबाई खोक्यांतून मोहरे काढून देत होत्या. पहिली टेबलं मजेत गेली. हा तो घोरणाऱ्याचा डाव, हा तो रडलेल्याचा. मग थोरले मालक गेले त्याच्या पुढच्या वर्षाचं टेबल आलं. तिथे ताईचा हात थांबला.

त्या वर्षी काळ्या घोड्याला एक झकास उडी होती आणि खेळाडूने ती घेतलीच नव्हती. तेव्हा सगळे हळहळले होते. उडी पडायची होती उजव्या कडेला, पलीकडून दुसऱ्या रांगेत. ते घर रिकामं होतं.

पुढच्या वर्षीच्या पटावर एक वजीर उगाच वळसा घालून गेला होता. वळसा कडेच्याच घराला, पण एक रांग खाली. त्याच्या पुढच्या वर्षी तर एकाने मात झाली म्हणून हार मानली होती आणि समोरच्याने हातही मिळवला होता. राजाला पळायला एक घर धडधडीत मोकळं होतं हे प्रेक्षकांनी ओरडून सांगितल्यावर दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले होते. ते घर आणखी एक रांग खाली.

ताई टेबलांच्या कडेने चालत गेली. दर पटावर एक रिकामं घर होतं, ज्याच्यात गेल्या वर्षीचा विजेता सोडला तर कुणी शिरलं नव्हतं. दर वर्षी ते एक पाऊल खाली आलं होतं. नाकासमोर, सरळ, मागे न वळता. बुद्धिबळात असं एकच चालतं.

कडेची घरं तशी ओसाडच असतात, ताईने स्वतःला समजावलं. शिवाय डाव निवडले कुणी? मीच. शोधायला बसलं की ढगातही घोडे दिसतात. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि तिला ते पटलंही. तरी तिने विचारलंच.

"मालकीणबाई, थोरले मालक खेळायचे कसे हो?"

"बाबा?" त्या हसल्या. "कडेचं प्यादं पुढे रेटत सुटायचे. बाकीचा डाव मेला तरी चालेल. एकदा शेवटच्या रांगेत पोचू दे, प्याद्याचा दुसरा मोहरा होऊ दे, मग बघा काय करतो, म्हणायचे. कधी पोचलं नाही हो बिचाऱ्यांचं. पण जित्याची खोड, मेल्याशिवाय थोडीच जाते?"

ताईने यंदाच्या टेबलावर कालचा डाव मांडला. हत्ती दोन घरं अलीकडे थांबलेला. रिकामं घर शेवटून दुसऱ्या रांगेत. खाली आता एकच पाऊल उरलं होतं.

४

गेल्या वर्षीचा विजेता यंदा आला नव्हता. त्याला सगळे हसरा म्हणत, कारण हरतानाही तो हसायचा. प्रकृती बरी नाही एवढंच कळवलं होतं. ताईने जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "गेल्या वर्षीचा तुमचा शेवटचा डाव व्हरांड्यात मांडलाय. तुम्ही राजा कडेच्या घरात नेलात आणि जिंकलात."



"त्या घरात काय होतं, ताई?" हसऱ्याने विचारलं. आवाज त्याचा होता, हसू नव्हतं.

"काही नव्हतं."

"मला दिसत होतं. काळं प्यादं. म्हटलं, असेल आपला भ्रम, मारून टाकू. मारलं. मेलं नाही ते. माझ्याबरोबर घरी आलं."

"म्हणजे काय?"

"मी डोळे मिटत नाही आता. डॉक्टर गोळ्या देतात, मी उशीखाली ठेवतो. डोळे मिटले की पट असतो, आणि पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं. फार सभ्य आहेत, घाई करत नाहीत. पण खेळी माझी असते, ताई. कितीही वेळ गेला तरी खेळी माझीच असते."

"झोपेची आबाळ झाली की असं होतं," ताई म्हणाली.

"हो," हसरा म्हणाला. "तुमच्या भावाला त्या घरापासून लांब ठेवा."

फोन ठेवल्यावर ताईने थंड पाण्याने तोंड धुतलं. आरशात बघत तिने मुद्दाम डोळे मिटले. काळोख. नेहमीचा, घरचा काळोख. इतकी वर्षं ज्याचं वाईट वाटायचं त्याच काळोखाचा तिला त्या क्षणी आधार वाटला.

५

धाकटा जिंकत सुटला होता. त्याच्या चेहऱ्यावर तिने कित्येक वर्षांत न पाहिलेला तजेला होता. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी दोघं तळ्याकाठच्या बाकावर बसली. उजेड अजून होता.

"त्या कडेच्या घराचं काय रे?" ताईने विचारलं.

"दिसतं कधीकधी." त्याने खांदे उडवले. "सगळ्यांनाच दिसतं, पण बोलत नाही कुणी. कोण सांगेल की माझ्या डोक्यात एक प्यादं जास्त आहे म्हणून? पुढच्या वर्षी बोलावणं यायचं नाही."

"तू त्यात जाऊ नकोस."

"डाव मागेल तसं जायचं, हे तूच शिकवलंस." तो हसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एकदा जिंकू दे गं मला. मग कायमचे डोळे उघडे ठेवून खेळेन."

बोलायच्या ओघात बोलला तो. ताईला मात्र डोळे न मिटणारा हसरा आठवला. स्पर्धा रद्द करावी म्हणून मालकीणबाईंकडे जावं, असं तिच्या मनात आलं. पण जाऊन सांगणार काय? नसलेलं प्यादं चालत येतंय? लोकांनी तिलाच गोळ्या दिल्या असत्या.

६

शेवटच्या दुपारी मागच्या खोलीत दोनच टेबलं होती. एका बाजूला धाकटा, पांढरे मोहरे. दुसऱ्या बाजूला एक उंच पोरगेलासा खेळाडू. दोघांमध्ये आडोसा. पडदे जाड होते, बाहेरच्या दालनातला आवाज आत येत नसे. ऐकू यायची ती फक्त बटणांची टिचकी आणि उंच खेळाडूचा श्वास.

ताई भिंतीशी उभी राहून आपल्या पडद्यावर डाव बघत होती. तिच्या पडद्यावर मोहरे दिसायचे. तासाभराने तिच्या लक्षात आलं की हे होणारच होतं. धाकट्याच्या राजाला शह बसले होते. सुटायला एकच घर होतं. तिथे राजा गेला की शह संपले, आणि मग धाकट्याला कुणी अडवू शकत नव्हतं. डाव त्याचा, स्पर्धा त्याची. ते घर उजव्या कडेला, शेवटून दुसऱ्या रांगेत होतं.

धाकटा खेळेना. घड्याळातले आकडे उतरू लागले. आणि तेव्हा ताईला आवाज ऐकू आला. टिकटिक. खोलीत टिकटिकणारं घड्याळ नव्हतं. सगळी तिने स्वतः कानाला लावून पाहिली होती. तिने कान दिला. टिकटिक एक नव्हती. दोन होत्या, एकमेकींच्या किंचित मागेपुढे.

धाकट्याने हात वर केला. खेळाडूला पंचाला बोलवायची मुभा असते. ताई त्याच्याजवळ जाऊन वाकली. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते, कपाळ घामाने डबडबलं होतं.

"ताई," तो कुजबुजला, "पलीकडून हात पुढे येतोय. मी आत्ता नाही मारलं तर ते शेवटच्या रांगेत जाईल. मारतो मी."

"तिथे काही नाही रे, सोन्या."

"तू डोळे उघडे ठेवून सांगतेयस."

त्याचं बोट बटणावर होतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली खेळी त्या बोटाखाली होती आणि ती बरोबर होती. बाहेर दालनात शंभर लोक त्याच खेळीची वाट बघत होते. ताईने त्याचा हात धरला, शाळेच्या वाटेवर धरायची तसा, आणि बटणावरून उचलला. पंचाने खेळाडूच्या हाताला हात लावला की डाव संपतो आणि तो खेळाडू हरतो. हा नियम तिनेच लिहिला होता.

"डोळे उघड," ती म्हणाली. "मी बघते."

आणि तिने डोळे मिटले.

काळोख नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला पट दिसला, चौसष्ट घरांचा, स्वच्छ, जवळ. आपल्याला हे इतकं सुंदर काही कधी दिसलंच नाही, म्हणून तिला आधी नुसतं रडू आलं. मग तिने कडेला पाहिलं. काळं प्यादं तिथे होतं. पलीकडून एक हात आला. बाहीचं बटण नीट लावलेलं, मनगटावर दोन घड्याळं. हाताने प्यादं हळूच शेवटच्या घरात सरकवलं आणि तो थांबला, कुणी काही म्हणेल का याची वाट बघत असल्यासारखा.

त्या हाताच्या वर पाहायचं तिला धैर्य झालं नाही. तिला भावाचं बोट आठवलं, सहा वर्षांचं. पुढचं तिने तोंडाने म्हटलं की मनात, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

"त्याला सोडा, मालक. बसा. मी खेळते."

हाताने प्यादं उचललं आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं. वजीर नव्हता तो. हत्ती, घोडा, उंटही नव्हता. नीट दिसायला तिला आणखी थोडा वेळ डोळे मिटून ठेवावे लागले असते. तिने ते उघडले.

७

धाकटा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. लोक बोलले, आणि बोलण्यासारखंच होतं. सख्ख्या बहिणीने भावाचा जिंकलेला डाव हातातून हिसकावला. मालकीणबाईंनी फक्त विचारलं, "ताई, असं का केलंत?" ताई म्हणाली की चूक झाली. पुढच्या वर्षी दोघांनाही बोलावणं येणार नव्हतं.

परतताना गाडीत धाकटा खिडकीकडे तोंड करून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता काहीच दिसत नाही, ताई. डोळे मिटून बघितलं. पट नाही, काही नाही. सगळं गेलं."

"काळोख?"

"काळोख." आणि मग, राग विसरून, "बरं वाटतंय गं," म्हणाला. थोड्या वेळाने तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. ताईने त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिला इतकं समाधान वाटलं की क्षणभर बाकी सगळं खोटं वाटलं.

फोन वाजला. हसऱ्याचा निरोप होता. 'परवा दुपारी झोप लागली, ती आज उठलो. इतक्या दिवसांनी. तुमचा भाऊ बरा आहे ना?'

बरा आहे, ताईने लिहिलं.

दुपारचं ऊन समोरच्या काचेतून सरळ तोंडावर येत होतं. डोळ्यांत पाणी आलं, पापण्या जड झाल्या. तिने त्या ताणून धरल्या. माणूस किती वेळ पापणी न लववता राहू शकतो, हे तिने कधी मोजलं नव्हतं. गाडीच्या काचा बंद होत्या, चालक गुमान गाडी हाकत होता, भाऊ शांत श्वास घेत होता, आणि त्या सगळ्याखाली ती टिकटिक, एकमेकींच्या किंचित मागेपुढे.

ताईची पापणी लवली.

पट मांडलेला होता. पलीकडे कुणीतरी नीट बसलं होतं, घाई न करता. खेळी तिची होती.